आईला दिसलेला चंद्र

सावेडी, नगर
(पाकिटावर अहिल्यानगर लिहिलं आहे, पोस्टात घोटाळा नको)
दि. १२ जानेवारी २०२५

चि. महेंद्र यास,
ताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्रास कारण की, दोन-चार दिवसांत तुझ्या दारात एक लांबुळकं खोकं येऊन पडेल. घाबरू नकोस, त्यात दुर्बीण आहे. आकाश बघायची. उशिरा का होईना, दिपालीने मला निवृत्तीची भेट दिली. आयुष्यभर सातवीच्या पोरांना फळ्यावर शनीची कडी काढून दाखवलीस, आता खरी बघ, असं लेकीचं म्हणणं. लेक गुणाची आहे, पण आईची गॅलरी कुठे उघडते हे ती विसरली.

माझी गॅलरी समोरच्यांच्या स्वयंपाकघरात उघडते. दोन दिवस मी दुर्बीण लावून बसले, तिसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी खिडकीला चादर बांधली आणि चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी चहाला आले. ते चहा पिऊन गेले, पण चहासाठी आले नव्हते हे मला कळलं. शिवाय इथे आकाशात दोनच तारे दिसतात, त्यातला एक मोबाईलच्या टॉवरवरचा लाल दिवा आहे. कोल्हारला तुझ्या गच्चीवर अजून अंधार शिल्लक आहे म्हणतात. तुझ्याकडे अंधार भरपूर असणारच, त्याबद्दल मला कधी शंका नव्हती.

आपण बोलत नाही हे मी विसरलेले नाही. चार वर्षं झाली. तुझ्या नातीच्या नामकरणाला मी चारचौघांत म्हणाले की आईला मोतीबिंदू झालाय, ऑपरेशन करून घ्या, आणि तू आईला नुसतं ठेवून घेतलंयस, सांभाळत नाहीस. तू म्हणालास आईला सगळं दिसतं, आणि आजपासून ताईशी बोलणं बंद. आईने दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी तोड काढली. बोलायचं नसेल तर बोलू नका, पण एकमेकांना पत्रं लिहा, आणि आलेलं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवा. तेव्हापासून तुमच्या गावच्या पोस्टात बँकेच्या नोटिसा सोडून जी काही पत्रं येतात ती माझीच.

म्हणजे हे पत्र तू आत्ता मोठ्याने वाचतो आहेस. आई, जय भीम. थंडीत उघड्यावर बसू नकोस. आता पुढचा मजकूर हा गाळेल, त्याला गाळू देऊ नकोस.

आई, एकदा डोळे दाखवायला नगरला ये. फक्त दाखवायचे. नेऊन आणायची जबाबदारी माझी. तुझ्या लेकाला रजा काढावी लागणार नाही, तसाही तो रिटायर आहे.

तुझी सून प्रज्ञा आणि नात बाळी, दोघींना माझा आशीर्वाद. लोभ आणखी कमी करायला जागा उरलेली नाही, तेव्हा आहे तेवढा राहू दे.

तुझी
ताई (माधुरी)


कोल्हार
दि. २१ जानेवारी २०२५

ती. ताईसाहेब यांस,
धाकट्या महेंद्रचा सविनय जय भीम. वि. वि.

आपलं पत्र आणि आपली दुर्बीण दोन्ही पावली. पत्र वाचायला पाच मिनिटं लागली, दुर्बीण जोडायला पाच दिवस. बोलणं बंद असल्याने मी आपल्याला ‘आपण’ म्हणतो, याचा राग नसावा. तो आदर आहे असाही समज नसावा.

सोबतच्या पुस्तिकेत मराठी सोडून जगातल्या सगळ्या भाषा आहेत. चित्रांवरून काम केलं. साखर कारखान्यात फिटर म्हणून हयात काढली, तेव्हा चार बोल्ट आणि एक नळी मला काय सांगणार, असं वाटलं होतं. स्टँड उभा राहिला, नळी बसली. एक वाकडा तुकडा उरला. पाइपचा एल्बो असतो तसा. मी म्हटलं, सरळ लाइनीत एल्बो कशाला? विनाकारण प्रेशर जातं. तो मी बाजूला ठेवला आणि डोळ्याचं भिंग थेट नळीत खुपसलं.

नंतर शेजारच्या मच्छिंद्रने दुर्बिणीतून दिवसाउजेडी स्वतःच्या गोठ्याकडे बघितलं. त्याची म्हैस त्याला आभाळाला पाय लावून उलटी लटकलेली दिसली. चिंचेचं झाडही उलटं. तो पळत गोठ्यात जाऊन म्हैस बघून आला आणि मग गावभर सांगत सुटला की माधुरीताईंनी भावाला उलटी दुर्बीण पाठवली. मी त्याला आवरलं नाही. आपल्याबद्दल लोक खरं बोलत असले की मी मधे पडत नाही.

दुसरी तक्रार. पहिल्या संध्याकाळी पश्चिमेला ती मोठी पांढरी चांदणी होती, तिच्यावर दुर्बीण धरली. दुर्बिणीत ठार काळोख. तासभर बघितलं, मान आखडली, काळोख तो काळोखच. आपण दिलेलं आकाश फार काळं आहे असं आपल्याला लिहायलाही बसलो होतो. तेवढ्यात प्रज्ञाने पुढच्या तोंडावरचं झाकण काढलं. आता यात माझी चूक म्हणाल तर माझी नाही. गाळपाचा हंगाम चालू आहे, संध्याकाळी गच्चीवर काजळी पडते. कारखान्यात प्रेशरचं गेज बघून झालं की काचेवर झाकण, ही माझी सवय आहे. साहेब लोकांनी शिकवली आणि मी ती जन्मभर पाळली. झाकण काढायची सवय मात्र कुणी लावली नाही.

आईचं विचारलंत. आईला सगळं दिसतं. परवाच माझ्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय हे तिने ओळखलं, जवळ बसवून तोंडावरून, गळ्यावरून हात फिरवत होती तेव्हा. पाऊल वाजलं की कोण आलं ते बरोबर सांगते. पेपर वाचायचा तिने सोडला आहे, कारण पेपरात आता वाचण्यासारखं काही राहिलं नाही असं तिचं मत. माझंही तेच मत आहे, म्हणून काय मला मोतीबिंदू झाला? तांदूळ निवडणं तिने प्रज्ञावर सोपवलं, सुनेला कामाची सवय लागावी म्हणून. आपलं पत्र मी वाचून दाखवलं, खुश झाली. माझ्या आवाजात ऐकायला बरं वाटतं म्हणते.

आपण सुखी असा, लांब असा.

आपला
महेंद्र


सावेडी, नगर
दि. २७ जानेवारी २०२५

चि. महेंद्रराव यांस,
स. जय भीम. वि. वि.

तुझी आदरयुक्त तक्रार वाचून मी एकटीच इतकी हसले की समोरच्या बाईंनी चादर बाजूला करून बघितलं.

फिटरसाहेब, एल्बो लावा. त्याच्यात आरसा आहे. तो लावला की म्हैस पायांवर उभी राहते. डावं-उजवं फक्त बदलतं, ते मच्छिंद्रच्या म्हशीला चालेल. दुसरा फायदा असा की माणसाला मान वर करून लोंबकळावं लागत नाही, खुर्चीत बसून खाली वाकून बघता येतं. आईलाही.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. नळीच्या पाठीवर जी छोटी नळी बसवली आहेस ती शोभेची नाही. दिवसा मोठ्या दुर्बिणीतून पाण्याच्या टाकीचं टोक धर, आणि मग छोटीचे स्क्रू फिरवून तेच टोक छोटीच्या फुलीवर आण. दोघींचं एकमत झालं की रात्री छोटीतून चंद्र धरायचा, तो मोठीत आपोआप सापडतो. दोघांनी एकाच दिशेला बघायचं असतं, हे आपल्या घराण्यात कुणी शिकवलं नाही, म्हणून लिहून कळवते.

डोळ्याची भिंगं तीन आहेत. ज्याच्यावर मोठा आकडा ते आधी लाव. लहान आकडा म्हणजे जास्त मोठं दिसतं, हे ऐकून तू लगेच लहानातलं लहान लावशील हे मी ओळखून आहे. त्यात नुसतं धुकं दिसेल. चंद्र दोन मिनिटांत दुर्बिणीतून सरकून जातो, तेव्हा कुणाला दाखवायचं असेल तर त्याला आधी खुर्चीत बसव, मग चंद्र धर, आणि स्वतः बघत न बसता त्याला बघू दे. आणि सूर्याकडे चुकूनही लावू नकोस. घरात डोळ्यांची आधीच टंचाई आहे.

बटण तिने हाताने ओळखलं, महेंद्र. माणूस पावलाने ओळखला. तूच लिहिलं आहेस ते पुन्हा वाच. मी काही म्हणत नाही. म्हणाले की तू चार वर्षं गप्प बसतोस, आणि माझं वय आता चार-चार वर्षं खर्च करण्याचं राहिलेलं नाही.

तुझी
ताई


कोल्हार
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईसाहेब यांस,
विजयी महेंद्रचा सविनय जय भीम. वि. वि.

आज आपल्याला हे पत्र उभं राहून वाचावं लागेल.

एल्बो लावला. पाण्याच्या टाकीवर दोन्ही नळ्यांचं एकमत घडवून आणलं, आपल्या घरात घडलेलं ते पहिलं एकमत. मोठ्या आकड्याचं भिंग लावलं. (लहान आकड्याचं आधी लावलं होतं. धुकं दिसलं. ते जाऊ द्या.) आणि काल पंचमीला संध्याकाळी मी चंद्र बघितला. ताईसाहेब, खरं सांगतो, बसलो होतो तो उभा राहिलो. विळ्यासारखी बारीक कोर, आणि तिच्या आतल्या काठावर सगळे खड्डे, कडा, सावल्या. पोरांनी शाडूत बोटं रुतवावीत तसे. शेजारी ती पांढरी चांदणी, म्हणजे आपला शुक्र, तोसुद्धा चंद्रासारखा अर्धवट. डोक्यावर गुरू, आणि त्याच्या बाजूला एका ओळीत चार ठिपके. ते त्याचे चंद्र असल्याचं प्रज्ञाने मोबाईलवर बघून सांगितलं. एवढ्या लांबचं घरबसल्या दिसतं आणि आपण मला चारचौघांत अडाणी ठरवलंत, असा एक विचार मनात येऊन गेला.

आता मुख्य बातमी. आईनेही चंद्र बघितला.

हात धरून जिना चढवला. मधे दोनदा टेकली. शाल दिली, खुर्चीत बसवलं, आपल्या आज्ञेप्रमाणे मग छोट्या नळीतून चंद्र फुलीवर धरला आणि स्वतः न बघता तिला बघू दिलं. मी विचारलं, दिसला का? आई म्हणाली दिसला. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, पांढराशुभ्र, गोल, ज्वारीच्या भाकरीसारखा टम्म. किती वेळ बघत बसली! माझा हात सोडायला तयार नव्हती. खाली आल्यावर मच्छिंद्रच्या घरच्यांनाही तिने वर्णन करून सांगितलं.

एक्क्याऐंशी वर्षांची बाई दोन लाख कोसांवरचा चंद्र बघते आणि आपण म्हणता तिला मोतीबिंदू आहे. आपल्या दुर्बिणीनेच आपला निकाल लावला. तेव्हा डोळ्यांचा विषय इथून पुढे पत्रात नसावा, ही विनंती. मला वाचताना ती ओळ गाळावी लागते आणि मग वाक्याची लय जाते.

विजयाचा गर्व नाही, पण कळावं म्हणून हे पत्र रजिस्टर्ड करतो आहे.

आपला
महेंद्र


सावेडी, नगर
दि. ७ फेब्रुवारी २०२५

चि. महेंद्र यास,
जय भीम.

पत्र उभं राहूनच वाचलं. मग बसले.

तुला चंद्र दिसला याचा मला आनंद झाला, हे आधी लिहिते, कारण पुढे लिहायला जमणार नाही. तुझ्याच पत्रात वरच्या परिच्छेदात पंचमीची विळ्यासारखी कोर आहे आणि खालच्या परिच्छेदात टम्म भाकरी. एकाच संध्याकाळी, एकाच गच्चीवर, एकाच दुर्बिणीत. विजयाच्या भरात तू दोन्ही एकाच पेनाने लिहिलंस आणि रजिस्टर्डचा शिक्का मारून माझ्याकडे पाठवलंस.

आईने कुठला चंद्र बघितला रे?

मला टोमणा सुचत नाही म्हणजे काय ते समज. तिला पुन्हा एकदा वर ने. नीट विचार. मला उत्तर देण्यासाठी नको, तुझ्यासाठी विचार.

ताई


कोल्हार
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ताई,
जय भीम.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. भिमाजी पोस्टमनने दारातून हाक मारून सांगितलं होतं, त्यामुळे पत्र आलंय हे तिला कळलं होतं. मी म्हटलं, ताई मजेत आहे, तुला नमस्कार सांगितलाय. मी नेहमी असंच सांगतो. तुला वाटतं तसं मी नुसतं गाळत नाही, भरतोही.

खरं सांगायचं तर मला तुझा राग आला. म्हटलं, म्हातारं माणूस बोलताना कोरीला गोल म्हणणारच, मास्तरीणबाईंनी लगेच लाल शाई काढली. तुला खोटं पाडावं म्हणूनच परवा तिला पुन्हा वर नेलं. चंद्र जवळजवळ पूर्ण होता. प्रज्ञा तिला हात धरून जिना चढवेपर्यंत मी वर एकटा होतो आणि दुर्बिणीकडे बघताना मला आठवलं. पंचमीला मी चंद्र बघून झाल्यावर आईला आणायला खाली गेलो, तेव्हा काजळी पडत होती. सवयीने झाकण लावून गेलो असणार. वर आल्यावर चंद्र धरला तो छोट्या नळीतून. छोटीला झाकण नसतं. मोठीचं काढलं का, ते काही केल्या आठवेना.

मग मी एक वाईट काम केलं, ताई. मुद्दाम झाकण लावलं. आईला बसवलं, डोळा भिंगाला लावून दिला आणि विचारलं, दिसला का? तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, दिसला की, आज तर त्या दिवसापेक्षा झ्याक दिसतोय.

माझा हात तिच्या हातात होता म्हणून मी तिथून हललो नाही. झाकण काढलं आणि आवाज न करता खिशात टाकलं. आता समोर खरा चंद्र होता, एवढा लखलखीत की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला काही फरक पडला नाही. ती चंद्राचं कौतुक करतच होती.

पेपर. तांदूळ. पाऊल. बटण. मी सगळं स्वतःच्या अक्षरात तुला लिहून पाठवलं आणि मला एक अक्षर वाचता आलं नाही.

काल तिला म्हटलं, आई, नगरला जाऊ. आधी म्हणाली, मला दिसतंय. मग म्हणाली, येते, पण तुम्ही दोघं न्याल तर येते, एकाच गाडीत, एक इकडून एक तिकडून. आणि तुमचं बोलणं बंद असेल तर मी मधे बसणार नाही, ड्रायव्हरशेजारी बसेन.

डॉक्टरांचा नंबर लाव. तारीख कळव. फोनने कळवलंस तरी चालेल.

महेंद्र


सावेडी, नगर
दि. १० मार्च २०२५

चि. महेंद्र यास,
ताईचा सप्रेम जय भीम. वि. वि.

सकाळीच फोनवर वीस मिनिटं बोललो आणि आता पत्र. पण आईचा हुकूम आहे. फोनवर आपण भांडतो ते तिला नीट ऐकू येत नाही म्हणे, पत्रातलं भांडण सविस्तर असतं.

आईचा उजवा डोळा उत्तम आहे. थेंब मी वेळेवर घालते. काळा चष्मा लावून गॅलरीत बसते. समोरच्या बाईंच्या स्वयंपाकघरात आज कुठली भाजी आहे ते तिला बिनदुर्बिणीचं दिसतं, आणि ती ते मोठ्याने सांगते. चादर परत लागली आहे. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू इतका पिकला होता की आणखी उशीर करणं बरं नव्हतं. हे मी तुला बोलून दाखवणार नव्हते. लिहून दाखवणार नाही असं ठरलं नव्हतं.

चार वर्षांनी तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य मी विसरणार नाही. गाडीत आई मधे, तू खिडकीकडे तोंड करून, आणि पाऊण तासाने इतिहासात नोंद व्हावी असं गांभीर्य आणून तू मला विचारलंस की पाण्याची बाटली कुठे ठेवली आहे. मला वाटलं होतं निदान माफी तरी मागशील. बाटली तुझ्याच पायाशी होती. मीही माफी मागणार होते, मग तेवढ्यात पाणी प्यायलं गेलं आणि राहिलंच.

पट्टी काढल्यावर आई आपल्या दोघांकडे बघून जे म्हणाली त्यावर आपण हसलो. तू जास्त हसलास. मी रात्री झोपले नाही. तू झोपलास का?

शनिवारी तिला न्यायला ये. येताना दुर्बीण आणू नकोस, सेक्रेटरींचं ब्लडप्रेशर वाढतं. प्रज्ञाला आशीर्वाद. लोभ वाढव, आता जागा झाली आहे.

तुझी
ताई


कोल्हार
दि. १६ एप्रिल २०२५

चि. माधुरीस,
आईचा आशीर्वाद आनि जय भीम.

हे पत्र मी सोताच्या हातानं लिवतीय. अक्षर वांग्याएवढं आलंय, हसू नको. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या वर्सी माझ्या बापानं मला साळंत घातलं, चौथीपतुर शिकले, ते काय हसन्यासाठी न्हाई. लई दिसांनी पेन धरला. परवा जयंतीला मिरवनूक सगळी बघितली, कुनाची साडी कसली हुती ते बी सांगंन.

पैलं सांगायचं म्हंजी, तुझी समदी पत्रं डब्यातनं काढून मी वाचली. चार वर्सांची. चार दीस लागले. तू दर पत्रात लिवलंस, आई डोळं दाखव, आनि हा बाबा मला वाचून दाखवायचा की ताईनं नमस्कार सांगितलाय. मी म्हनायची, पोरगी मास्तरीन हाय, दुसरं काय सुचत न्हाई का हिला नमस्काराबिगर. महेंद्राला बोलले मी. मान खाली घालून ऐकत हुता, मंग म्हनला चहा घेती का.

दुर्बिनीतनं चांद बघितला. अष्टमीचा, अर्धा. आधी पुढं बोट घालून झाकन न्हाई ना ते मीच बघितलं, महेंद्रानं झाकनाचं समदं सांगितलं तवापासनं माझा इस्वास न्हाई. तुमी दोघांनी एवढं डोक्यावर घेतला तो चांद, आनि बघते तर समदा खड्ड्याखड्ड्याचा. त्यापरीस आपला रस्ता बरा. पर लई येळ बघितला. खाली यावं वाटंना. महेंद्र इचारत हुता, आई कसा हाय, तर मी म्हनलं थांब, आता खरं बघतीय तर बघू दी.

त्या दिशी मी गोल का म्हनले, ते तू इचारलं न्हाई पर तुला सांगते. पोरगं मला हात धरून वर न्हेतंय, शाल घालतंय, आनि ल्हानपनी मातीचा बैल करून दाखवायचं तसं इचारतंय, दिसला का, दिसला का. न्हाई कसं म्हनू? चांद गोल असतो एवढं मला म्हाईत हुतं, म्हनून गोल म्हनलं. त्या दिशी नेमकी कोर हुती हे माझं नशीब.

आनि डोळ्याचं मी का लपिवलं, ते बी सांगते. दिसत न्हाई म्हनलं की तू खरी आनि तो खोटा. दिसतं म्हनलं की तो खरा आनि तू खोटी. जो हरंल तो परत बोलनार न्हाई, माझ्याच पोटची हाय तुमी, मला ठावं हाय. म्हनून गप ऱ्हायले. अंधार काय, सवय हुते.

दुसऱ्या डोळ्याला दोघं या. मी मधी बसंन.

डॉक्टरनं पट्टी काढली तवा मी म्हनले, तुमी दोघं एवढी म्हातारी कवा झाली. तुमी हसला. मी हसत नव्हते गं. ह्या चार वर्सांत तुमची तोंडं मला दिसत नव्हती, मला वाटायचं दोघं हुती तशीच हायेत. पट्टी काढली तर समोर तुझं डोकं समदं पांढरं, आनि त्याचं तोंड माझ्या बापावानी. माझी चार वर्सं दिसत नव्हतं म्हनून गेली. तुमाला तर दिसत हुतं ना गं, मंग तुमची कशापायी गेली?

तुझी आई
कलाबाई